प्रवासाची शीतपेटी

इ. स. १८३३ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील बोस्टन बंदरांतून ‘टस्कनी’ नांवाचें जहाज कलकत्त्यास निघालें. त्याच्या पोटांत सुमारें १८० टन बर्फ होता. हा बर्फ कोणत्याहि यंत्रांत तयार झालेला नव्हता. हिवाळ्यांत गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेल्या त्या लाद्या होत्या. फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्याचें हें साहस होतें, आणि त्याच्या या उद्योगाला प्रथम हंसणारे लोक पुष्कळ होते. जहाज विषुववृत्त दोन वेळां ओलांडून चार महिन्यांनीं कलकत्त्यास पोहोंचलें, तेव्हां त्यांत सुमारें १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढें मुंबई व मद्रास येथेंहि हा बर्फ येऊं लागला. मद्रासेंत, म्हणजे आजच्या चेन्नईंत, १८४२ सालीं त्यासाठीं बांधलेलें बर्फघर समुद्रकांठीं अद्याप उभें आहे. आज तें विवेकानंदांच्या नांवानें ओळखलें जातें.

त्या जहाजावर शीतयंत्र नव्हतें. लाद्या एकमेकींस घट्ट लावून रचलेल्या होत्या, भोंवतीं लांकडी फळ्या होत्या आणि फळ्यांच्या आड सुकी भर होती. एवढ्या साधनांवर उन्हाळ्यांतील चार महिन्यांचा समुद्रप्रवास झाला, आणि निम्म्याहून अधिक माल वांचला. उलट, मे महिन्यांत पुण्याहून कोंकणांत सहलीला निघालेल्या कुटुंबाच्या सुंदर, रंगीत पेटींतील पांच किलो बर्फाचें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाणी झालेलें असतें. त्या पाण्यांत लोण्याचा डबा तरंगत असतो, आणि दूध नासलेलें निघतें. मग पेटी वाईट निघाली म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो. कित्येकदां तो दोष खरा असतो. परंतु कित्येकदां पेटीकडून जें होणें शक्यच नाहीं, त्याची अपेक्षा केलेली असते.

बाजारांत जिला आइस-बॉक्स किंवा कूलर म्हणतात, ती ही शीतपेटी. हातांत धरून नेण्याजोग्या स्वरूपांत ती विसाव्या शतकाच्या मध्यास आली. अमेरिकेंतील रिचर्ड लॅरॅमी यांनीं १९५१ सालीं तिच्या पेटंटासाठीं अर्ज केला व १९५३ सालीं त्यांना तें मिळालें. आज तिचे प्रकार इतके आहेत कीं घेणारा गोंधळून जातो. दोनशें रुपयांच्या थर्मोकोलच्या खोक्यापासून हजारों रुपयांच्या जाड, जड पेटीपर्यंत सर्व वस्तु एकाच नांवानें विकल्या जातात, आणि बहुतेकींवर ‘इतके दिवस बर्फ टिकतो’ अशी ग्वाही छापलेली असते. या ग्वाहीवर विसंबून राहण्यांत अर्थ नाहीं. पेटी कांठोकांठ बर्फानें भरून, सावलींत ठेवून, झांकण एकदांहि न उघडतां मोजलेले दिवस हे सहलीचे दिवस नव्हेत.

तेव्हां निवड करावी कशी? त्याला एक सोपें माप आहे, आणि तें माप म्हणजे स्वतः बर्फच होय.

पेटी गारवा निर्माण करीत नाहीं. बाहेरची उष्णता आंत येण्यास ती उशीर लावते, एवढेंच तिचें काम. आंत आलेली उष्णता बर्फ गिळतो आणि त्या प्रमाणांत वितळतो. शून्य अंशावरील एक किलो बर्फाचें शून्य अंशाचेंच पाणी होण्यास सुमारें ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. ही उष्णता थोडीथोडकी नाहीं. तेवढ्या उष्णतेनें एक किलो थंडगार पाणी जवळजवळ ८० अंशांपर्यंत तापलें असतें. बर्फ वितळत असतो तोंवर त्याच्या सान्निध्यांतील वस्तु शून्याच्या आसपास राहतात. तो संपला म्हणजे गारवाहि ओसरूं लागतो. म्हणून पेटीचा गुण, तिची किंमत, तिच्यांत भरावयाचें सामान आणि प्रवासाचे तास या सर्वांचा हिशेब ‘किती किलो बर्फ वितळेल’ या एकाच परिमाणांत मांडतां येतो. एकदां ही दृष्टि आली कीं जाहिरातींतील पुष्कळसें धुकें आपोआप विरतें.

प्रथम भिंतींचा विचार करूं. उष्णतेला खरी अडवणूक करते ती हलूं न शकणारी हवा. लांकडाच्या भुशांत तीच कोंडलेली असते, लोकरींत तीच असते, आणि थर्मोकोलचे पांढरे मणी म्हणजे बहुतांशीं हवाच होय. बाजारांत ज्याला ‘पफ’ म्हणतात तो पॉलियुरेथेनचा फोम याहि बाबतींत सरस ठरतो, कारण त्याच्या सूक्ष्म कोशांत हवेपेक्षांहि उष्णता कमी वाहणारा वायु कोंडलेला असतो. याउलट बाहेरचें चकचकीत प्लॅस्टिक किंवा पोलादी पत्रा हा केवळ अंगरखा आहे. तो पेटीला धक्क्यापासून राखतो; गारवा राखण्यांत त्याचा वांटा नगण्य असतो.

आंतून ५० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशी, म्हणजे ४५ लिटरांची पेटी घेऊं. बाहेरची हवा ३२ अंश आणि आंतील बर्फ शून्य अंश असेल, तर अडीच सेंटिमीटर जाडीच्या थर्मोकोलच्या भिंतींतून चोवीस तासांत नऊ किलोंहून थोडा अधिक बर्फ वितळविण्याइतकी उष्णता आंत येते. तीन सेंटिमीटर जाडीच्या पफमधून हा आंकडा सुमारें साडेपांच किलोंवर येतो, आणि पांच सेंटिमीटर जाडीच्या पफमधून सव्वातीन किलोंवर. हा हिशेब केवळ भिंतींचा आहे. झांकणाची फट, सामानाची ऊब आणि उन्हाची तिरीप यांचा खर्च त्यावर निराळा. तथापि एवढ्यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. भिंतीच्या जाडीचा परिणाम मोठा आहे. आणि उत्तम पेटींतहि बर्फ रोज किलोंनीं जातो, तोळ्यांनीं नव्हे.

येथें आकाराचाहि प्रश्न येतो. टस्कनी जहाजांतील बर्फ इतका टिकला तो केवळ भुसकटाच्या बळावर नव्हे. वस्तु जों जों मोठी होते, तों तों तिच्या आकारमानाच्या मानानें तिचा पृष्ठभाग कमी पडतो. आणि उष्णता शिरते ती पृष्ठभागांतून. १८० टनांच्या राशींतील आंतल्या लाद्यांना बाहेरच्या लाद्या हेंच पांघरूण होतें. म्हणून एकाच जाडीच्या दोन लहान पेट्यांपेक्षां तेवढीच एक मोठी पेटी बर्फ अधिक राखते. मात्र मोठी पेटी अर्धी रिकामी नेली तर हा लाभ बुडतो, कारण रिकाम्या जागेच्या भोंवतालच्या भिंतीहि उष्णता आंत घेतच असतात. जेवढी पुरती भरतां येईल तेवढीच पेटी घ्यावी, हा नियम. आणि ती उचलणार कोण, याचाहि विचार दुकानांतच करावा. जाड भिंतींची ४५ लिटरांच्या सुमाराची पेटी रिकामी असतांनाच दहा किलोंच्या आसपास भरते. बर्फ व सामान घातल्यावर ती चाळिसाच्या घरांत जाते. स्वतःच्या मोटारीनें जाणाऱ्याला दोन माणसें लावून ती चढवितां येईल, एस. टी.च्या गर्दींत किंवा लोकलच्या जिन्यावर ती शिक्षाच ठरेल.

भिंतीनंतर महत्त्व झांकणाचें. कित्येक स्वस्त पेट्यांच्या चारी भिंतींत फोम भरलेला असतो आणि झांकण मात्र आंतून पोकळ असतें. झांकण बोटानें ठोकून पाहिलें असतां पोकळ व भरीव आवाजांतील फरक सहज कळतो. झांकण पेटीच्या कांठावर सर्व बाजूंनीं सारखें बसतें कीं नाहीं, हें पाहण्यास कागदाची एक पट्टी पुरते. ती कांठावर ठेवून झांकण लावावें व पट्टी ओढावी. ती अडली तर तेथें झांकण नीट बसलें आहे. अलगद निघून आली तर तेथून हवाहि तशीच येईल. चारी बाजूंस व कोपऱ्यांवर ही परीक्षा करण्यास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. झांकणाच्या आंतल्या कडेला रबराची पट्टी असेल तर ती बाहेर काढून धुतां येते काय, आणि झिजल्यावर निराळी मिळते काय, हें विचारून घ्यावें.

पेटी किती वर्षें टिकेल हें तिच्या अंगावरून कळत नाहीं, सांध्यांवरून कळतें. सर्वांत आधीं मोडते ती बिजागरी. प्लॅस्टिकची पातळ घडी हीच ज्या झांकणाची बिजागरी, तें झांकण कांहीं उन्हाळ्यांनंतर तडकतें; आंत पोलादी कांब घातलेली, लांबीभर पसरलेली बिजागरी अधिक चालते. त्यानंतर क्रम खटक्यांचा, मग मुठींचा, आणि शेवटीं तळाशीं पाणी काढण्यासाठीं असलेल्या बुचाचा. आट्यांचें, रबरी कडी घातलेलें बूच चांगलें; नुसतें दाबून बसविलेलें बूच मोटारीच्या हादऱ्यांत गळूं लागतें. स्क्रूनें बसविलेला भाग मोडला तर बदलतां येतो. पेटीशींच एकजीव असलेला भाग मोडला म्हणजे पेटीच गेली.

अलीकडे ‘रोटोमोल्डेड’ हा शब्द फार ऐकूं येतो. प्लॅस्टिकची भुकटी सांच्यांत घालून तो सांचा भट्टींत चोहोंकडे फिरवीत राहिलें असतां ती वितळून आंतल्या बाजूस सर्वत्र सारखी बसते. अशा रीतीनें पेटीचें जाड, सांध्यावांचूनचें कवच तयार होतें. २००६ सालीं अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत रॉय व रायन सीडर्स या बंधूंनीं ‘येटी’ नांवाची कंपनी काढली. तिच्या पेट्यांमुळें हा प्रकार घरोघर माहीत झाला. अशी पेटी धक्के सोसते, तिच्यावर माणूस बसूं शकतो, आणि ती वर्षानुवर्षें टिकते, हें खरें. पण कवचाची मजबुती ही एक गोष्ट आणि आंतल्या फोमची जाडी ही दुसरी. रोटोमोल्डेड हा शब्द पहिलीची साक्ष देतो, दुसरीची नव्हे. दुसरीसाठीं झांकण उघडून कांठाची रुंदी मोजून पाहणें हाच मार्ग.

घरीं आणलेल्या पेटीची, अथवा शेजाऱ्यांकडून उसनी घेतलेल्या पेटीची, परीक्षा करण्यास कोणत्याहि प्रयोगशाळेची आवश्यकता नाहीं. थोडा बर्फ घालून पेटी तासभर गार होऊं द्यावी व तें पाणी ओतून टाकावें. मग पाणी सुटूं लागलेला पांच किलो बर्फ तोलून आंत घालावा, झांकण लावावें, आणि पेटी रात्रभर एका खोलींत ठेवावी. बारा तासांनीं सांचलेलें पाणी लिटरच्या मापानें मोजावें. जितके लिटर पाणी, तितके किलो बर्फ त्या बारा तासांत वितळला. दोन पेट्या एकाच रात्रीं शेजारीं शेजारीं ठेवल्या तर कोणती किती सरस, याचा निवाडा घरबसल्या होतो. शिवाय हा आंकडा पुढील प्रत्येक प्रवासांत उपयोगी पडतो.

आतां पैशाचा हिशेब. जाड पफच्या पेटीनें पातळ पफच्या पेटीपेक्षां दिवसाला सुमारें सव्वादोन किलो बर्फ वांचतो, असें वरील गणितावरून दिसतें. वर्षांतून चार दिवस सहलीला जाणाऱ्या कुटुंबाचा यांत वर्षाला नऊ किलो बर्फ वांचेल. एवढ्या बर्फासाठीं अनेक हजार रुपये अधिक मोजणें हा व्यवहार नव्हे; त्यापेक्षां मध्यम प्रतीची, भरीव झांकणाची पेटी घेऊन प्रवासांत दोन किलो बर्फ जास्त नेणें शहाणपणाचें. ज्यांचे दिवस गडावर, जंगलांत किंवा समुद्रकांठीं तंबूंत जातात आणि जेथें वाटेंत बर्फ मिळत नाहीं, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या दृष्टीनें तिसऱ्या दिवसाचा एक किलो बर्फ हा पैशानें मोजण्याजोगा नसतो, आणि जाड पेटीची किंमत त्यांना कांहीं वर्षांत परत मिळते. थर्मोकोलचें खोकें मात्र एका फेरीपुरतेंच ठीक. त्याचे कांठ लवकर ढासळतात, आणि बर्फाचा खर्चहि त्यांत सर्वांत अधिक.

पेटी कोणतीहि असो, ती भरतांना होणाऱ्या चुका मात्र बहुधा सारख्याच असतात. त्यांतली सर्वांत महागाची चूक म्हणजे ऊन वस्तु आंत ठेवणें. ३० अंशांचें दहा लिटर पाणी ५ अंशांपर्यंत उतरविण्यास तीन किलोंहून अधिक बर्फ खर्ची पडतो. म्हणजे हजारों रुपये देऊन घेतलेली जाड भिंत एका दिवसांत जितका बर्फ खाते, तितका बर्फ दहा कोमट बाटल्या कांहीं तासांतच खातात. आदल्या रात्रीं त्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्यें ठेवण्यास कांहींहि पडत नाहीं. पेटीचीहि तीच गोष्ट. माळ्यावरून काढलेली तापलेली पेटी भरण्यापूर्वीं थोडा बर्फ घालून गार करून घ्यावी.

झांकण वारंवार उघडल्यानें बर्फ जातो, अशी समजूत सर्वत्र आहे. ती खरी आहे, पण तिचें प्रमाण समजून घेण्याजोगें आहे. झांकण उघडून आंतील सर्व हवा बदलली, आणि ती कोंकणांतल्यासारखी दमट असली, तरी वरील पेटींत एका वेळेस दहा-बारा ग्रॅमच बर्फ वितळेल. उलट, प्यालेल्या गार बाटलीच्या जागीं दुकानांतून आणलेली एक लिटरची ऊन बाटली ठेवली, तर तीनशें ग्रॅमांहून अधिक बर्फ जातो. म्हणजे ती एक बाटली पंचवीस वेळां झांकण उघडण्याइतकी महाग पडते. मुलानें पाण्यासाठीं झांकण उघडलें म्हणून रागावण्यापेक्षां, झांकण उघडें टाकून गप्पा मारीत बसणाऱ्या आणि ऊन बाटल्या आंत सरकविणाऱ्या वडील मंडळींकडे पाहणें न्यायाचें होईल.

बर्फाचे मोठे तुकडे सावकाश वितळतात, चुरा लवकर गारवा देतो. म्हणून तळाशीं व बाजूंस मोठे तुकडे आणि वस्तूंच्या फटींत चुरा, ही रचना उत्तम. घरीं बाटल्यांत गोठविलेलें पिण्याचें पाणी हा तर दुहेरी लाभ. वितळल्यावर तें प्यावयास मिळतें, आणि पेटींत चिखल होत नाहीं. मात्र गोठतांना पाणी सुमारें नऊ टक्के फुगतें, म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरूं नये. आणखी एक चूक आइस्क्रीमच्या लांकडी पात्रावरून शिकलेली असते. त्या पात्रांत बर्फावर मीठ घातल्यानें गारवा वाढतो, म्हणून कोणी शीतपेटींतहि मूठभर मीठ टाकतो. मिठानें तपमान शून्याच्या खालीं जातें हें खरें, पण बर्फ वितळण्याच्या जिवावर. आइस्क्रीम घट्ट करावयाचें असतें तेथें तें योग्य, बर्फ टिकवावयाचा असतो तेथें अयोग्य. वितळलेलें पाणी लगेच काढून टाकण्याचेंहि कारण नाहीं. बर्फ असेपर्यंत तें शून्याजवळच असतें आणि बाटल्यांना चोहोंकडून कवटाळून गार ठेवतें; फक्त अन्नाचे डबे घट्ट बंद व पाण्याच्या वर असावेत.

पेटी ठेवावयाची जागाहि बर्फाच्याच मापानें ठरते. उन्हांत उभ्या असलेल्या बंद मोटारीच्या आंत तपमान ५० अंशांपर्यंत चढूं शकतें. अशा वेळीं भिंतींतून शिरणारी उष्णता ३२ अंशांच्या सावलीपेक्षां दीडपटीनें वाढते. पेटी सावलींत काढून ठेवावी व वर फिकट रंगाचें कापड टाकावें. देशावर किंवा विदर्भांत हवा कोरडी असते. तेथें त्या कापडाच्या जागीं ओलें गोणपाट घातलें तर माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें, त्याच कारणानें पेटीचें अंगहि गार राहतें. कोंकणच्या दमट हवेंत मात्र या युक्तीचा उपयोग थोडा.

हा सर्व खटाटोप केवळ गार सरबतासाठीं असता, तर त्याला एवढें महत्त्व नव्हतें. पण पेटींत दूध असतें, मासळी असते, कधीं घरांतील वडील माणसाचें औषध असतें. अन्न बिघडविणारे जंतु साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान झपाट्यानें वाढतात. अमेरिकेच्या शेतकी खात्याचा नियम असा कीं, नासणारें अन्न या तपमानांत दोन तासांहून अधिक राहूं देऊं नये, आणि हवा ३२ अंशांहून तापलेली असेल तर एका तासाहून अधिक नव्हे. मे महिन्यांतील महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं हा एका तासाचाच नियम लागू पडतो. म्हणून पेटींत एक साधा तपमापक ठेवणें हा चैनीचा खर्च नव्हे. बर्फ संपून तपमापक पांचांच्या वर गेला असेल आणि तो केव्हां गेला हें माहीत नसेल, तर दूध व शिजविलेलें अन्न टाकून देणें हेंच योग्य. हळहळ वाटली तरी तें स्वस्त पडतें.

हर्णै बंदरावर लिलावांत घेतलेली ताजी मासळी पुण्यास आणणाऱ्यांनीं तर हें विशेष ध्यानांत धरावें. बांगड्यासारख्या मासळींत ऊब मिळाल्यास जंतूंच्या योगें हिस्टामिन नांवाचें द्रव्य तयार होतें. त्यानें अंगावर पित्त उठावें तसे गांधी येतात, डोकें दुखतें व उलट्या होतात, आणि तें द्रव्य शिजविल्यानें नाहींसें होत नाहीं. उष्ण प्रदेशांत मासळीला तिच्या वजनाइतका बर्फ घालावा, असें मत्स्यव्यवसायांतील प्रमाण आहे, आणि बर्फाचा हिशेबहि त्याला दुजोरा देतो. २८ अंशांची पांच किलो मासळी शून्यापर्यंत गार होण्यास सुमारें दीड किलो बर्फ जातो. पातळ पफच्या पेटीच्या भिंतींतून सहा तासांच्या प्रवासांत तितकाच जातो. बाकीचे दोन किलो हे घाटांत मोटार अडकली तर उपयोगी पडणारी शिल्लक होय. मासळी व बर्फ यांचे थर एकाआड एक घालावेत, तळाशीं व वर बर्फ असावा, आणि या वेळीं पेटींतील पाणी मात्र काढून टाकीत जावें.

हा बर्फ कोणता, तेंहि पहावें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं खाण्यासाठीं नसलेल्या बर्फाला निळा रंग देण्याचा नियम करण्यांत आला. निळसर बर्फ बंद डब्यांच्या व बाटल्यांच्या बाहेरून गारवा देण्यास चालेल. उघड्या अन्नाला किंवा पेल्यांत त्याचा स्पर्श होतां कामा नये.

औषधाची रीत याहून निराळी. इन्सुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवावयाच्या असतात, आणि त्या एकदां गोठल्या कीं निरुपयोगी होतात. म्हणजे येथें उष्णतेइतकेंच भय बर्फाचें. गांवोगांव लस घेऊन जाणाऱ्या आरोग्यसेविकांना हें चांगलें ठाऊक असतें. लसीच्या पेटींत चार गोठविलेले बर्फपॅक ठेवतात. पण शीतकपाटांतून काढल्याबरोबर नव्हे. पॅक बाहेर ठेवून त्याला घाम येऊं देतात, आणि हलविल्यावर आंत पाण्याचा आवाज आला म्हणजेच तो पेटींत घालतात. कारण तेव्हां तो शून्य अंशावर आलेला असतो, त्याच्या खालीं नसतो. घरच्या औषधालाहि हीच रीत लावावी: लहान निराळी पेटी, घाम आलेला पॅक, आणि पॅक व कुपी यांच्यामध्यें टॉवेलाची घडी. सरबताच्या बाटल्यांसाठीं दर घटकेला उघडल्या जाणाऱ्या पेटींत औषध ठेवूं नये.

घरच्या परीक्षेंत मिळालेला बर्फाचा आंकडा सहलीच्या आदल्या दिवशीं आठवावा. तो प्रवासाच्या तासांच्या प्रमाणांत वाढवावा. ऊन सामान नेणें भागच असेल तर दर दहा लिटरांमागें तीन किलो मिळवावेत. मासळी आणावयाची असेल तर तिच्या वजनाइतका बर्फ निराळा धरावा. आणि एकूण बेरजेंत अडचणीसाठीं चौथाई भर घालावी. एवढा बर्फ व सामान ज्या पेटींत दाटीनें मावेल आणि जी घरांतील दोन माणसांना उचलतां येईल, ती पेटी त्या घराला योग्य. मग तिच्यावर किती दिवसांची ग्वाही छापली आहे, हें पाहण्याचें कारण उरत नाहीं. रात्रीं पुण्यास पोहोंचल्यावर झांकण उघडावें आणि मासळीवर मूठभर बर्फ अजून शिल्लक असावा, एवढीच तिची पावती.